धानगिरणीचा बुश आणि मी

मी एक जुना लेथ आहे, लोखंड फिरवून कातायचं यंत्र. बालाघाटच्या एका कॉलेजात, वर्कशॉपच्या खिडकीपाशी उभा आहे. उभा आहे म्हणतो खरा, पण मित्रांनो, माझा जीव थाऱ्यावर नाही. भंगारवाल्याने माझ्या पायावर खडूची फुली मारून ठेवली आहे.

सतरा वर्षं शिकाऊ मुलामुलींनी माझ्यावर लोखंड कातलं. विश्वकर्मा पूजेला मला झेंडूचा हार मिळायचा. परीक्षेचा जॉब, म्हणजे कातून केलेला नमुना, झाला की त्यावर नंबर ठोकायचा, तेल लावायचं आणि तो कपाटात कुलूपबंद करायचा, अशी इथली रीत. चांगलं लोखंड विकत आणायचं, गोल करायचं आणि कुलपात ठेवायचं! हे शहाणपण मला कधी कळलं नाही.

पुढे लोखंड, वीज आणि मुलांच्या विद्यावेतनातला कॉलेजचा वाटा झेपेना. प्राचार्य दुलीचंद सर एक दिवस येऊन म्हणाले, "हा पांढरा हत्ती आता पोसणं होत नाही. या महिन्यानंतर वर्ग बंद, आणि हा लेथ भंगारात." उकव्याहून बसने येणारी पौर्णिमा तेव्हा माझ्यापाशीच होती. तिचं शिकणं अर्धं झालेलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती पिशवीतून एक झिजलेला बुश, म्हणजे गिरणीचा दांडा ज्यात फिरतो ती लोखंडी कडी, घेऊन आली. तेवढ्यापायी तिच्या पुनारामकाकांची धानगिरणी बंद पडली होती आणि नवा गोंदियाहून यायला आठ दिवस लागणार होते.

शिकवणारे तेजराम सर म्हणाले, "हे आपल्या कोर्समध्ये नाही, पोरी."

"सर, परीक्षेचा जॉब बी गोलच राह्यते. मंग गिरणीचा काहून नाही?"

सरांनी कपाटाची किल्ली काढली.

नंबर ठोकलेला एक जुना जॉब माझ्या जबड्यात बसला. पहिला बुश ढिला झाला, वाया गेला. दुसऱ्याच्या वेळी पौर्णिमाने दर फेरीला माप घेतलं. संध्याकाळी गिरणी सुरू झाली. पुनारामकाकांनी रोख पैसे दिले, आणि आठवड्यात आणखी तीन गिरण्यांची माणसं दारात आली.

दुलीचंद सरांनी हिशेब पाहिला. "एक वर्ष पाहतो. खर्च निघाला तर वर्ग राहील."

वर्ष म्हणजे किती, मित्रांनो! रोज सकाळी मी दाराकडे पाहतो, कोणी आलं का म्हणून. मशीन जपायचं म्हणजे कापडाने झाकायचं, असं तुम्हाला वाटत असेल. मला झाकू नका, हारही नको. घरी काही झिजलं, मोडलं, तर घेऊन या.

परवा तेजराम सर ओला बोळा घेऊन माझ्या पायावरची फुली पुसायला वाकले.

"राहू द्या, सर," पौर्णिमा म्हणाली. "साल निघू द्या. मंग मीच पुसीन."