सोरेती पुन्हा धावली

सोरेती आणि मी राजधानीत एकाच क्लबाकडून धावायचो. फरक एवढाच, की तिच्या गळ्यात पदकं पडायची आणि माझ्या पायाला फोड यायचे. आमचं लग्न ठरलं तेव्हा क्लबातली पोरं म्हणाली, "गुतामा, लेका, आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी जिंकलास!"

खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं होतं.

ती अर्सीच्या डोंगरावरची. तिचे वडील, अब्बा गमेदा, सातू पिकवायचे आणि घोडे पाळायचे. लहानपणी एकदा मोकाट सुटलेली घोडी तिनं डोंगरापलीकडून पळत जाऊन वळवून आणली. शाळेच्या मास्तरांनी ते पाहिलं आणि तिला जिल्ह्याच्या शर्यतीत उभी केली. प्लॅस्टिकच्या चपला घालून ती जिंकली. अब्बा मात्र संतापले, कारण त्यांनी तिचं लग्न जमवत आणलं होतं.

"पोरगी पळते हे कळलं तर सोयरे पळतील," ते म्हणाले.

"पळू देत. जो मला गाठेल त्याच्याशीच लग्न करीन," सोरेती म्हणाली.

मी तिला आजवर गाठलेलं नाही, पण ते असो.

पुढे क्लबानं तिला शहरात आणलं आणि दहा हजार मीटरमध्ये ती दोनदा जगज्जेती झाली. दुसऱ्या वेळी अब्बा घोड्यावर बसून गावभर हिंडले आणि 'पोरीला मीच पळायला शिकवलं' असं सांगत सुटले. मग आमची सिंबो जन्मली. बाळंतपण अवघड गेलं, पोट फाडावं लागलं. सोरेती कितीतरी दिवस भिंत धरून चालत होती.

सिंबो रांगायला लागली तशी सोरेती पहाटे शहरावरच्या एन्टोटो डोंगराच्या जंगलात गेली. तिथे गाशे अबाते मुलींकडून सराव करून घ्यायचे. वयानं मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना गाशे म्हणायचो.

"सोरेती, देशाला दोन सुवर्णं दिलीस," ते म्हणाले. "आता पोरीला दूध दे."

"दोन्ही जमतं, गाशे."

"आधी शरीराला विचार."

"त्यालाच विचारून आलेय."

गाशे वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडे जागा मोजक्या आणि नव्या पोरी ढीगभर. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि शिट्टी वाजवून पोरींना घेऊन निघून गेले.

मग आम्ही दोघंच सराव करू लागलो. पहिल्या दिवशी तिला अर्धा चढही चढवेना. निलगिरीच्या बुंध्याला टेकून ती बसली, जर्सी दुधानं भिजली होती. "गुतामा, हे पाय माझे नाहीत रे," म्हणाली आणि रडली. मी सिंबोला तिच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तीच उठून बूट बांधत होती.

तेव्हापासून घरचं मी बघू लागलो. आमच्याकडे पुरुष चुलीपाशी फिरकत नाहीत, इंजेरा, म्हणजे आमचं आंबवलेल्या पिठाचं मोठं धिरडं, भाजणं तर लांबच. माझा पहिला इंजेरा तव्याला असा चिकटला, की खरवडूनच काढावा लागला. शेजारच्या वर्के काकू दारातून बघत होत्या.

"हा इंजेरा आहे की देशाचा नकाशा?" त्या म्हणाल्या. "सरक तिकडे. मिशी जाळून घेशील."

हसत हसत त्यांनीच शिकवलं, आणि मग गल्लीभर सांगितलंही. मित्रांनी महिनाभर पिच्छा पुरवला.

इकडे सोरेतीनं एक युक्ती काढली. गाशेंच्या पोरी झाडांतून एकामागे एक नागमोडी धावायच्या, प्रत्येकीची नजर पुढचीच्या टाचेवर. सोरेती न विचारताच त्यांच्या मागून धावू लागली, दगड फेकला तर पोचेल एवढं अंतर ठेवून. पोरी खिदळायच्या, "मागे कोण गं? तरस की आजी?" गाशे बघून न बघितल्यासारखं करायचे. पाऊस संपला, मेस्केलच्या सणाची पिवळी फुलं आली, आणि ते अंतर कमी कमी होत गेलं. एके दिवशी ती शेवटच्या पोरीच्या टाचेशी पोचली.

रांगेच्या पुढे लेलिसे असायची, त्या वर्षीची सगळ्यांत तेज पोरगी. ती अचानक बाजूला झाली.

"ताई, पुढे ये," ती म्हणाली. "तुझ्या टाचा टीव्हीवर बघत मी मोठी झालेय. आता जरा जवळून बघू दे."

रांग थांबली. गाशे तरातरा आले. "लेलिसे, तू कोच कधीपासून झालीस?"

"आत्ताच, गाशे."

पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. गाशेंनी सोरेतीकडे, तिच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. मग खेकसले, "उभ्या काय राहिलात? अंग गार पडेल! सोरेती, पुढे हो, वेग धर."

त्या वसंतात दोघी परदेशी मॅरेथॉनला गेल्या. सोरेतीची ती पहिलीच मॅरेथॉन. आम्ही सगळी गल्ली वर्के काकूंच्या घरी टीव्हीपुढे बसलो. गावाहून अब्बाही आले होते. शेवटच्या टप्प्यात पाण्याच्या टेबलाशी लेलिसेची बाटली हातातून निसटली. सोरेतीनं दोन घोट घेतले आणि आपली बाटली तिला दिली.

"अरे, देते काय! शर्यत आहे ती!" अब्बा ओरडले, आणि तेवढ्यात वीज गेली.

मी अदामा शहरातल्या चुलतभावाला फोन लावला. तिकडे वीज होती.

"बोल ना रे, काय चाललंय?"

"थांब, बघू दे!"

"अरे, पण पुढे कोण आहे?"

"दोघी आहेत!"

"कोण दोघी?"

"आपल्याच!" तो म्हणाला, आणि मग नुसताच किंचाळत सुटला. अब्बांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "गाढवा, ओरडू नकोस, नाव सांग!"

"सोरेती! सोरेती पहिली, लेलिसे दुसरी!"

वर्के काकूंनी जीभ भराभर हलवत असा काही आनंदाचा आवाज काढला, की सिंबो घाबरून रडायला लागली. अब्बा मात्र पांढऱ्या शालीत तोंड लपवून बसून राहिले.

त्यानंतर बाळंतपणामुळे धावणं सुटलेल्या आणखी दोघी गाशेंकडे आल्या. त्यांनी कुरकुर केली, पण परत कुणालाच पाठवलं नाही. आता पहाटे बायका धुक्यात दिसेनाशा होतात आणि आम्ही नवरे पोरं घेऊन झाडाखाली बसतो. परवा त्यांतल्या एकीचा नवरा तोलोसा पहिल्यांदाच आला होता, बाळाला दोन्ही हातांत अंड्यासारखं धरून.

"कधी येतील रे त्या?" त्यानं विचारलं.

"आज लांबचा सराव आहे. शाल नीट गुंडाळ, त्याचे कान उघडे पडलेत," मी म्हणालो, आणि त्याला बसायला जागा करून दिली.