ताईची पिशवी

ताईच्या अस्थी घेऊन भाचा दिगंबर निफाडहून आला. रामकुंडावर जाताना मलाही बरोबर न्यायचं होतं. अस्थी घरात आणत नाहीत. पूर्वी आमच्या फाटकाशी कडुनिंब होता. अस्थी घेऊन आलेले पाहुणे त्याला पिशवी टांगून निर्धास्त चहा प्यायचे. गाड्या लावायला जागा हवी म्हणून कॉलनीने तो तोडला. म्हणून दिगंबरने पिशवी गाडीतच ठेवली, सीटवर.

चहा होईपर्यंत काच फुटलेली आणि पिशवी गायब.

“अहो दादा, या गल्लीत सीटवर रुमालसुद्धा ठेवत नाही कुणी!” शेजारची चैताली म्हणाली.

“आईला कुठे शोधू आता, मावशी?” दिगंबर पायरीवरच बसला.

आम्ही तिघं शोधत निघालो. कोपऱ्यावरच्या गुलमोहराला पिशवी टांगलेली होती, जमिनीला टेकणार नाही अशी, तोंडाला नीट गाठ मारून. चोराने उघडून पाहिलं असणार, आणि ओळखलं असणार.

“तक्रार करायची का?” दिगंबरने डोळे पुसत विचारलं.

“काचेची कर,” मी म्हटलं.

निघण्याआधी मला घर आवरून कुलूप लावायचं होतं. तेवढ्यासाठी ताईला पुन्हा गाडीत ठेवायला मन होईना. रीत राहू दिली बाजूला. पिशवी उराशी धरली आणि तिला घरात घेऊन गेले.