बहियाचे वरचे चार दात

कना जिल्ह्यातल्या आमच्या गावात दर गुरुवारी, असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर, शेख उबैद यांचं प्रवचन असे. प्रवचन म्हणजे अर्धं बोलणं, अर्धं गाणं. पैगंबरांच्या दयेचं आख्यान लावलं की शेखबाबा आधी साधं, शेजारी बसून बोलल्यासारखं बोलायचे. मग एखादा शब्द अलगद सुरात उचलायचे, आणि तो शब्द खाली येण्याआधीच पुरुषांच्या बाजूने ‘अल्ला!’ असा हुंकार यायचा. आम्ही बायका मशिदीच्या मागच्या ओट्यावर चटईवर बसून पदराने डोळे टिपायचो. पस्तीस वर्षं झाली त्याला. पुष्कळ गाणारे ऐकले नंतर, मोठमोठ्या उत्सवांत ऐकले. पण देवाचं नाव इतक्या घरगुतीपणे घेणारा दुसरा ऐकला नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांची, आरोग्य केंद्राची नवी सेविका. घरोघर जायचं, लहान मुलांचा वरचा ओठ उचलायचा, दात बघायचे आणि आईला सांगायचं, एवढंच काम. पण पहिल्या आठवड्यातच माझी थट्टा सुरू झाली.

“काय गं इकराम, गाढव विकत घ्यायला आलीस काय, दात बघतेस ते?”

“गाढवाचे बरे असतात हो मावशी. ते चहा पीत नाही.”

हसून सोडून द्यायचे सगळे. आमच्याकडे दूध सुटत आलेल्या लेकरालाही बाटलीतून गोड चहा, नाहीतर बडीशेपेचं साखरपाणी मिळे, आणि बाटली तोंडात तशीच ठेवून ते झोपी जाई. दात काळे पडले तर? पडू देत. दुधाचेच ते. पडला की पोराने तो सूर्याकडे भिरकावायचा, सूर्य नवा देतो. हे आम्ही सगळ्यांनीच केलं होतं, मीसुद्धा. त्यामुळे दातापायी कुणी काळजी करतं, हेच त्यांना नवलाचं वाटे.

शेखबाबांच्या घरी मी मुद्दामच उशिरा गेले. ज्यांच्या तोंडून धर्म ऐकायचा त्यांना मी काय शिकवणार, असं वाटे. त्यांची थोरली सनिया सहा वर्षांची. वरचे पुढचे दात म्हणजे काळी खुंटं उरलेली. आदल्या हिवाळ्यात गालाला सूज येऊन तापाने फणफणली होती, आठ दिवस पेज सोडून काही गिळलं नव्हतं तिने. बोलताना तोंडावर हात धरायची. धाकटी बहिया चौदा महिन्यांची, गुबगुबीत, येईल त्याला हसणारी.

मी गेले तेव्हा दुपारचं जेवण उरकलं होतं. शेखबाबा भिंतीला टेकून बसले होते आणि बाटली तयार करत होते. चमच्याने साखर घालायची, ढवळायचं, बाटली कानाशी धरून हलवायची. दाण्यांचा आवाज थांबला की झालं.

“विरघळली,” ते म्हणाले. “कोण आलंय? इकराम? ये पोरी. बघ, या घरात मला एवढंच एक काम जमतं. फौकिया मला दुसरं काही करू देत नाही.”

“का देऊ?” त्यांची बायको चुलीकडून म्हणाली. “परवा कांद्याऐवजी माझी चप्पल चिरायला घेतली होती यांनी!”

मी बहियाला मांडीवर आडवं घेतलं आणि ओठ उचलला. वरच्या चारही दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ. अजून काळं नव्हतं, खड्डा नव्हता. सनियाची वाट नुकतीच सुरू झाली होती. आत्ता थांबवलं तर थांबेल, नाहीतर वर्षाच्या आत हिच्याही तोंडात खुंटं. शिकवताना आम्हाला दाखवलं होतं अगदी तसंच.

“शेखबाबा,” मी म्हटलं, “ही बाटली बंद करावी लागेल.”

बाटलीला बूच लावता लावता ते थांबले. “बडीशेपेचं पाणी आहे गं. पोटाला बरं.”

“साखर आहे ना त्यात. झोपेत ती दातांवरच राहते. सनियाचं असंच झालं.”

फौकियाने माझ्याकडे असं पाहिलं की मला उठून जावंसं वाटलं.

“म्हणजे सनियाचे दात मी घालवले?” शेखबाबा हळूच म्हणाले.

मला खोटं बोलता येईना आणि खरं बोलवेना. “तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं,” एवढंच म्हटलं.

“रेघ आहे म्हणतेस. मला दिसत नाही. लोक म्हणतील, सरकारी बाईने येऊन आंधळ्याच्या हातून पोरीची बाटली काढून घेतली.”

त्यांचा हात माझ्या हातात घेणं बरं दिसलं नसतं. मी फौकियाला म्हटलं, “वहिनी, यांचं बोट धुवा, आणि नख तिच्या खालच्या दातावर फिरवा. आता वरच्या, हिरडीजवळ.”

फौकियाने तसं केलं. खालच्या दातांवर झोपेत जीभ येते, ते वाचतात. शेखबाबांनी नख खालून वर नेलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. ज्या बोटाने ते माणसाचा चेहरा वाचत, त्याच बोटाने.

“खालचा काचेसारखा,” ते म्हणाले. “वरचा... भिंतीच्या चुन्यासारखा.”

बाटली त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली. मग विचारलं, “मग मी काय करू?” ‘काय करायचं’ असं नव्हे, ‘मी काय करू’. तेव्हा मला कळलं की बाटली गेली तर या माणसाच्या हाताला लेकीसाठी काहीच उरत नाही.

“तिचे दात तुम्हीच पुसा,” मी म्हटलं. “सकाळी आणि झोपण्याआधी. मऊ फडकं बोटाला गुंडाळून, वर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. बाटलीत रोज अर्धा चमचा साखर कमी, शेवटी नुसतं पाणी. आणि दर जुम्म्याला नखाने तपासा.”

पहिले दहा दिवस बहियाने सगळी गल्ली डोक्यावर घेतली. शेजारणी दारातून विचारत, “काय फौकिया, पोर विकतेस काय?” आणि फौकिया म्हणे, “घ्या, दातांसकट देते!” एका दुपारी मी डोकावले तर शेखबाबा पोरीला खांद्यावर टाकून फेऱ्या मारत होते आणि गुरुवारचं आख्यान गात होते, फक्त फार खाली, घशातल्या घशात. बाटलीशिवाय ती त्या दिवशी पहिल्यांदा झोपली. मी दारातच उभी राहिले. मशिदीत शेकडो लोक असत, इथे ऐकणारी मी एकटी.

पुढच्या गुरुवारी दयेचं आख्यान सांगताना ते मध्येच थांबले. म्हणाले, “लेकराच्या तोंडात आपण प्रेमाने काय ठेवतो, ते बघून घ्या रे. माझं प्रेम आंधळं होतं, माझ्यासारखंच.” आणि तेच वाक्य सुरात उचललं. हुंकार नाही आला. बायकांच्या ओट्यावर कुणीतरी हुंदका दिला. दुसऱ्या दिवशी गाढवाची थट्टा करणारी मावशी नातवाला घेऊन माझ्या दारात.

चार महिन्यांनी केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी बहियाला पाहिलं. रेघा फिकट होऊन दात पुन्हा चकाकत होते. पण शेखबाबांना डॉक्टरीणबाईंचं ऐकून समाधान होईना. त्यांनी बोट धुतलं, लेकीच्या ओठाखाली घातलं, आणि नख सावकाश फिरवू लागले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याला पोहोचेपर्यंत बहियाचा धीर संपला. तिने करकचून चावा घेतला.

फौकिया ओरडली, “अहो, रक्त आलंय, काढा बोट!”

“राहू दे,” शेखबाबा हसत म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्यांच्या. “चावू दे तिला. चारही लागतायत.”