उचलता येईल असं यंत्र

व्हर्लिन स्टॉफरला रिकाम्या पुंगळ्यांत दारू-गोळी बसवून काडतुसं भरायचं हलकं यंत्र हवं होतं, आणि ते आजच हवं होतं. शनिवारी नेमबाजीची मोसमातली पहिली स्पर्धा. जुनं यंत्र हिवाळ्यात हातातून निसटलं, तळघराच्या फरशीवर पडून तडकलं. डंकर्ट क्रीकच्या रेंजवर रिवाज असा, की ज्यानं त्यानं आपली काडतुसं तिथंच, दोन फेऱ्यांच्या मधे, स्वतःच्या हातानं भरायची. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस वापरणं म्हणजे दुसऱ्याची कवळी लावून मक्याचं कणीस खाणं.

बंदुकीचं सामान विकणाऱ्या जुन्या मित्रानं, डेल्मर केप्लिंगरनं, आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर तीन यंत्रं मांडली होती. पहिलं पक्कडीसारखं, हातानं दाबायचं.

"हा तर अडकित्ता झाला," व्हर्लिन म्हणाला.

"मग हे घे. फळीला अडकवायचं, काम झालं की पिशवीत टाकायचं. म्हाताऱ्यांसाठीच बनवलंय."

"तू माझ्याहून मोठा आहेस, डेल्मर."

"वयानं. कुरकुरण्यात तू माझा आजोबा."

व्हर्लिननं लांब दांडा खाली ओढला. लोण्यातून सुरी फिरावी तसा आला. बायको, आयडेला, खूश झाली. "हेच घे. हे तर मीसुद्धा एका हातानं उचलीन."

खरी गोष्ट नवरा-बायको दोघांनाच ठाऊक होती. गेल्या वर्षीच्या औषधांनी व्हर्लिनचा कर्करोग गेला, पण जाताना बोटांतली जाणीव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले होते, परत यायची असती तर एव्हाना आली असती. व्हर्लिननं ते ऐकलं होतं, मानलं नव्हतं.

डेल्मरनं खिशातून तीन पितळी पुंगळ्या काढल्या. "एक घट्ट, एक सैल, एक बरोबर. गोळ्या बसवून सांग कुठली कुठली. नाहीतर मागाहून यंत्राला नावं ठेवशील."

नेमबाजाचा सगळा जीव याच्यात असतो. गोळी पुंगळीच्या तोंडात शिरताना दांड्यातून हाताला जे कळतं, त्यावर तो बरी-वाईट निवडतो. व्हर्लिननं तिन्ही गोळ्या बसवल्या. मग पत्ते खेळणाऱ्यासारखा डेल्मरच्या चेहऱ्याकडं बघत राहिला.

"पहिली सैल."

डेल्मरनं तिसरी पुंगळी उचलून उलटी केली. गोळी आपसूक त्याच्या तळहातावर पडली.

"दांडा फार गुळगुळीत आहे," व्हर्लिन म्हणाला.

"हो. दांडाच तसा आहे," डेल्मर म्हणाला आणि पुंगळ्या खिशात टाकू लागला. इतक्या वर्षांत त्यानं टोमणा मारायची संधी प्रथमच सोडली होती. व्हर्लिनला टोमणा चालला असता.

"खेळणी आहेत ही दोन्ही," तो तिसऱ्या यंत्राकडं बोट दाखवत म्हणाला. ते अख्खं बिडाचं, नांगराच्या फाळासारखं. "ते दे."

"अरे, ते रेंजवर नेणार कसं?" आयडेला म्हणाली. "हलकं हवं म्हणून आलो ना आपण?"

"यंत्र असावं तर असं."

हलकं घेतलं असतं तर शनिवारी जावं लागलं असतं, आणि सगळ्या क्लबासमोर दांडा ओढावा लागला असता. जड यंत्राचं बरं असतं. उचलवत नाही एवढं सांगितलं की लोक पुढं विचारत नाहीत.

डेल्मर आणि आयडेला, दोघांनी मिळून ते धापा टाकत स्टॉफरांच्या गाडीत चढवलं.

"शनिवारी ये," डेल्मर म्हणाला.

"हे उचलायला कुणी मिळालं तर बघू."

"मीच येतो सकाळी. त्यात काय!"

"नको," व्हर्लिन म्हणाला, आणि ते इतक्या पटकन, की गाडीचं दार उघडता उघडता आयडेला थांबली आणि त्याच्याकडं बघतच राहिली.