नारिंगीचा हिरवा

अल्कोहोलच्या ऑक्सिडेशनचा प्रयोग दाखवायचा होता आणि प्रयोगशाळेतली इथेनॉलची बाटली कोरडी ठणठणीत. योगीराज सरांनी सगळा वर्ग सोडून नेमकं संघप्रियाकडं पाहिलं. "तुमच्या वस्तीत मिळंल की! जा, घरून घोटभर दारू घेऊन ये." बारावीचा वर्ग फिदीफिदी हसला. सरही हसले.

पोरगी उठून गेली. परत आली ती विलायती दारूची अर्धी बाटली घेऊनच.

"सर, आमच्या पणजोबानं दीक्षा घेतली तवापासून घरात थेंब आलेला न्हाई. म्हणून तुमच्या घरी गेले. काकूंनी कपाटामागून काढून दिली. म्हणल्या, लागली तर अजून हाय."

आता कुणी हसलं नाही. खाली मान घालूनच त्यांनी परीक्षानळीतल्या आम्ल घातलेल्या नारिंगी डायक्रोमेटमध्ये चार थेंब टाकले, नळी गरम केली. द्रावण हिरवंगार झालं.

"अल्कोहोल असलं की हिरवं होतं," ते कसेबसे म्हणाले, "नसलं की नारिंगीच राहतं."

संघप्रियानं दप्तरातली पाण्याची बाटली पुढं केली. "हे आमच्या घरचं हाय, सर. हेबी टाकून बघा."

सरांनी दुसऱ्या नळीतल्या डायक्रोमेटमध्ये ते टाकलं, तीही गरम केली. नारिंगी नारिंगीच राहिलं. नळी स्टँडवर गेली, पण सरांची मान काही वर आली नाही.