आतला फेरा

शस्त्रक्रियेला सहा आठवडे उलटले, तरी घोडीच्या पुढच्या डाव्या गुडघ्यात पाणी होतेच. हाडाचा सुटलेला कण दुर्बिणीतून मीच काढला होता. त्या जागी एव्हाना नवी ऊती धरायला हवी होती. दिवसातून तीनदा मी सांध्यावर हात ठेवी आणि तीनदा तो गरमच लागे. एखादा कण आत राहिला असल्यास सांधा पुन्हा उघडणे भाग होते. दिवस उद्याचा ठरला होता. परंतु मागच्या खेपेस भुलीतून उठताना तिने भिंतीला अशी धडक दिली होती, की पुन्हा भूल देण्याची माझी छाती होत नव्हती.

"जावईबापू, हात लावून लावून सुजवाल तिला," सासरे म्हणाले. त्यांनी चाळीस वर्षे मोतद्दारी, म्हणजे घोड्यांची देखभाल, केलेली. घोडी त्यांची, आणि इतर कुणामागे ती पाऊल उचलत नसे.

"बाबा, रोजचं फिरवणं पंधरा मिनिटंच ना?"

"वेळ मोजायला घड्याळ तुमच्या बायकोनं दिलंय. तिलाच विचारा!"

मी एक्स-रे उजेडात धरला, ठेवला, पुन्हा धरला. कण दिसेना. बसवेना, म्हणून अंगणात आलो आणि थबकलो. वाळूत गोल चर पडला होता. खुरांच्या सगळ्या खुणा डावीकडे वळलेल्या. आतल्या बाजूस सासऱ्यांच्या चपलांचे ठसे. म्हणजे पावलागणिक वळणाचा भार नेमका त्याच गुडघ्यावर.

"उलट कधी फिरवलंत का तिला?"

"घोडं डाव्या अंगानंच धरतात. तुमच्या पुस्तकात नाही वाटतं?"

"डावीकडूनच धरा, पण वळवा उजवीकडे."

"मग मला बाहेरून चालावं लागतं."

"बरं, मग?"

त्यांचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्याकडे गेला. बाहेरचा फेरा लांब पडतो.

"कधीपासून दुखतोय?"

"तिच्या आधीपासून. पोरीला सांगाल तर याद राखा."

उद्याची शस्त्रक्रिया मी दहा दिवस पुढे ढकलली. "कुंपणाच्या कडेनं सरळ न्या. वळण फक्त टोकाला, तेही उजवीकडे. मध्ये तुम्हाला स्टूल ठेवतो."

"स्टुलावर तुम्हीच बसा. घटकाभर तरी!"

ते निघाले. टोकाला ते बाहेरून लंगडत वळले, तशी घोडीही त्यांच्यासाठी मंदावली. परतताना ती माझ्या अगदी जवळून गेली. मी स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिलो.