काजळीचं बोट

मी एक जुना लाकडी मुखवटा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला माणसांचं फारसं कौतुक नाही. तुम्ही आयुष्यभर एकच तोंड घेऊन फिरता आणि तेही तुम्हाला नीट सांभाळता येत नाही. मी कितीतरी तोंडांवर बसलोय. आतून पाहिलंय मी तुम्हाला. आत लसणाचा वास असतो, दारूचा वास असतो आणि भीती असते. बाहेर मात्र केवढा तोरा.

व्हाल्देर्ना गावाच्या वरच्या रानात मी आधी एका झाडाचा बुंधा होतो. बोर्तोलो नावाच्या गवळ्यानं एका हिवाळ्यात चुलीपाशी बसून मला कोरलं. कोरीवकाम त्याला बेताचंच येत होतं. माझं नाक कोरताना पटाशी घसरली आणि नाक वाकडं झालं, तर म्हणतो कसा, "मला असंच हवं होतं." धादांत खोटं. मग त्यानं माझ्या हनुवटीखाली गलगंड ठेवलं, तोंडात मेलेल्या गाईचा एक खरा दात बसवला आणि चरबीत काजळी कालवून मला काळं केलं.

आमच्या गावच्या कार्निव्हलमध्ये दोन तऱ्हेची सोंगं निघतात, देखणी आणि कुरूप. देखण्यांना रेशमी फिती, झालरी, गुलाबी गाल. ती दिवसभर नाकासमोर चालतात आणि कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार करतात. त्या गुळगुळीत थोबाडांबद्दल मी एवढंच बोलेन. खरं काम आम्ही कुरूप करतो. आम्ही घरात घुसतो, दुधाच्या बादल्या उलथतो, धुरावर टांगलेले सॉसेज पळवतो. घरातल्यांनी रागवायचं नाही. सोंगाला आमंत्रण लागत नाही आणि सोंगासाठी दार बंद करता येत नाही, असा इथला रिवाज आहे. आत कोण आहे ते घरधन्यानं ओळखायचं. त्याला तीन नावं घेता येतात. नाव बरोबर निघालं, तर सोंगानं मुखवटा काढायचा आणि पाहुणा म्हणून त्या घरी जेवायला बसायचं. तिन्ही चुकली, तर चुलीपाशी एक पेला प्यायचा, घरधन्याच्या गालावर काजळीचं बोट ओढायचं आणि चालू पडायचं. सोंगानं बोलायचं तर श्वास आत ओढत बोलायचं, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. शेवटच्या मंगळवारी संध्याकाळची घंटा झाली की सगळे मुखवटे उतरतात, कारण दुसऱ्या दिवशी कपाळाला राख लागते आणि ईस्टरपर्यंतचे उपास सुरू होतात.

आता यातला मूर्खपणा बघा. मी कुठल्या घरच्या खिळ्यावर टांगलेला असतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझं वाकडं नाक दिसलं की आत कोण असणार ते सगळ्यांना कळतं. तरी हे लोक डोळे मोठे करून विचारतात, "अगंबाई, कोण हे?" गंभीर चेहऱ्यानं विचारतात. अशा लोकांत मी आयुष्य काढलं.

बोर्तोलो होता तोवर माझे दिवस चांगले होते. मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की पोरं आईच्या परकराआड पळायची आणि म्हातारे म्हणायचे, "बोर्तोलोचं सोंग ते सोंग." मग बोर्तोलो गेला. त्याला माती देऊन सगळे घरी आले आणि सूपही गार झालं नव्हतं, तोच त्याच्या दोन मुलांत जुंपली. कशावरून? माझ्यावरून. थोरला ओत्तावियो म्हणाला, मुखवटा थोरल्याचा. धाकटा चेल्सो म्हणाला, बाबांनी मला शब्द दिला होता. ओत्तावियोनं मला खिळ्यावरून ओढून काखेत मारलं. तेव्हा चेल्सोनं सगळ्यांदेखत शपथ घेतली, "हा स्वतः बोलावणार नाही तोवर मी याच्या दारात पाय टाकणार नाही." आणि ओत्तावियोनं शपथ घेतली, "मेलो तरी बोलावणार नाही." एका लाकडासाठी दोन सख्खे भाऊ तुटले. ते लाकूड मी होतो, तेव्हा किंमत तशी रास्तच होती. तरीपण मला त्यांची शिसारीच आली.

त्यानंतर दर कार्निव्हलला ओत्तावियो मला चढवायचा, पायात घंटांचे जुने बूट घालायचा आणि गावभर हुंदडून शेवटी चेल्सोच्या घरी जायचा. गवताच्या माळ्यावरून पडल्यापासून तो डाव्या पायानं लंगडत होता. उंबऱ्यावर पाय पुसणं त्याला जन्मात जमलं नाही, चिखलासकट थेट चुलीपाशी. चेल्सो बाकावर बसलेला असायचा. तो हनुवटी खाजवायचा आणि म्हणायचा, "पाद्रीबाबा का?" ओत्तावियो मान हलवायचा. "मग सरपंचाचं खेचर." पुन्हा मान. "मग आपली आजी मार्गेरीता, थडग्यातून उठून आली." दर वर्षी हीच तीन नावं, याच क्रमानं. चौथं नाव त्याच्या जिभेवर असायचं आणि तो ते गिळायचा. खरं नाव घेतलं तर मुखवटा उतरणार, मग तोंडाला तोंड भिडणार आणि बोलावं लागणार. तेवढी छाती दोघांतही नव्हती. मग ते दोघं त्याच बाकावर गप्प बसायचे, ओत्तावियो माझ्या फटीतून पेला ओतून घ्यायचा आणि निघताना धाकट्याच्या गालावर काजळीचं बोट ओढायचा. जरा जास्तच सावकाश ओढायचा. वर्षभरात तेवढाच काय तो स्पर्श. भ्याड लेकाचे.

बाकीचं वर्ष मी शेळ्यांच्या गोठ्यात टांगलेला. वाळवीनं माझा कान कुरतडला. मधल्या काळात गावात उत्सव समिती आली, तिचे अध्यक्ष आले, चौकात मंच आला. शहरातले पाहुणे गाड्या भरून येऊ लागले. त्यांची पोरं रबराची भुतं तोंडावर ओढून माझ्याकडे बोट दाखवतात आणि हसतात. एक बाई तर मला विचारत होती, "हे खरं लाकूड आहे का हो?" मी उत्तर देण्याच्या लायकीची ती नव्हती.

यंदा ओत्तावियो अंथरुणातून उठलाच नाही. शेवटच्या मंगळवारी दुपारी त्याची मुलगी देल्फिना गोठ्यात आली आणि तिनं मला खाली उतरवलं. बाईमाणसाच्या तोंडावर मी कधी बसलो नव्हतो, पण मला कोण विचारतो? तिनं बापाचे बूट घातले, मोजे कोंबून घट्ट केले आणि डावा पाय ओढत थेट चेल्सोच्या घरी गेली. चाल तिनं हुबेहूब उचलली होती. पण उंबऱ्यावर आल्यावर सवयीनं तिनं दोन्ही बूट पोत्यावर नीट पुसले.

चेल्सोनं ते पाहिलं. त्यानं हनुवटी खाजवली नाही. त्या पुसलेल्या बुटांकडे बघत तो म्हणाला, "ओत्तावियो."

इतक्या वर्षांत हे नाव त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. आत तो नाही हे कळल्यावरच या बहाद्दराला ते सुचलं. देल्फिनानं रिवाजाप्रमाणे मान हलवली.

"मग तो का नाही आला?" चेल्सोनं विचारलं.

श्वास आत ओढत उत्तर देणं तिला जमेना. तिनं मला काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "काका, बाबा आता उठत नाहीत. डॉक्टर म्हणाले, ईस्टर काही बघणार नाहीत."

"मला बोलावलंय त्यानं?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"मेलो तरी बोलावणार नाही म्हणतात. पण सकाळपासून विचारतायत, आज कोणता वार आहे, मंगळवारच ना. मुखवटा खाली काढून पुसून ठेव म्हणाले."

चेल्सोनं बाकाची कड घट्ट धरली. "मी सगळ्यांसमोर शपथ घेतलीय, पोरी. त्यानं बोलावल्याशिवाय मी कसा येणार?"

चुलीवर मक्याचा पोलेंता ढवळत त्याची बायको नोरीना उभी होती. ढवळणं न थांबवता ती म्हणाली, "मग येऊ नकोस. माणूस म्हणून जाऊच नकोस. ते लाकूड तोंडावर चढव आणि जा. सोंगाला कधीपासून आमंत्रण लागायला लागलं?"

"या वयात लोक काय म्हणतील?"

"लोक तुम्हा दोघांना इतकी वर्षं गाढवच म्हणतायत. त्यात काय नवीन भर पडणारेय? घंटा व्हायच्या आत नीघ, नाहीतर तेही दार गेलं."

चेल्सोनं मला उचललं. ज्याच्यासाठी तो भावाला मुकला, तो मी, पहिल्यांदा त्याच्या हातात. त्यानं मला उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "मला वाटलं होतं याहून मोठा असेल." हा माझा सन्मान. नोरीनानं माझा पट्टा त्याच्या डोक्यामागे बांधला, चुलीतली काजळी त्याच्या बोटांना फासली, आणि देल्फिनाच्या मागोमाग आम्ही चढाच्या वाटेला लागलो.

चौकात गर्दी होती. उत्सव समितीचे अध्यक्ष पळत आले, "वाकड्या नाकाचं सोंग. मंचावर चला, पाहुण्यांना फोटो हवेत." चेल्सो थांबला नाही. त्यांनी बाही धरली, तेव्हा चेल्सोनं त्यांच्या पांढऱ्या कोटाला अख्खा काळा पंजा पुसला. सोंगावर रागवता येत नाही, म्हणून अध्यक्ष हसले. असं हसणं मी माझ्या शत्रूलाही देणार नाही. पुढं चढावर चेल्सोचा श्वास माझ्यात घोंगावत होता. त्याला दारूचा वास नव्हता. फक्त भीतीचा होता.

ओत्तावियो खिडकीकडे तोंड करून पडला होता. दार वाजलं तशी त्यानं मान वळवली. त्याच्या अंगाचं पार चिपाड झालं होतं. त्यानं मला पाहिलं, माझ्याखालचे न लंगडणारे पाय पाहिले. चेल्सो पलंगापाशी उभा राहिला. तिन्ही नावं चुकली, तर एक पेला आणि परत, एवढंच त्याच्या नशिबी होतं, आणि शपथ मोडायला दोघंही तयार नव्हते.

ओत्तावियोनं हनुवटी खाजवली. "पाद्रीबाबा का?"

चेल्सोनं मान हलवली.

"मग सरपंचाचं खेचर."

चेल्सोला मान हलवायला वेळ लागला. माझ्या आत काहीतरी ओलं झालं होतं आणि ते माझ्या गलगंडापर्यंत ओघळत होतं. आता आजी मार्गेरीताची पाळी होती. खाली चर्चमध्ये घंटा सुरू झाली. ओत्तावियो ती ऐकत राहिला. या मूर्खांचा मी जन्मभर तिरस्कार केला, पण त्या वेळी माझ्या लाकडी तोंडाला बोलता आलं असतं, तर मीच नाव सांगून टाकलं असतं.

"चेल्सो," ओत्तावियो म्हणाला, "काढ ते. फार घाम येतो त्यात."

पट्ट्याची गाठ चेल्सोला सुटेना. शेवटी देल्फिनानं ती कात्रीनं कापली. नाव बरोबर आलं होतं, म्हणजे काजळी ओढायची नव्हती. तरी चेल्सोनं भावाच्या गालावर बोट ओढलं, सावकाश. नंतर देल्फिनानं पेजेचं भांडं आणलं आणि रिवाजाप्रमाणे पाहुणा तिथंच जेवला. दोघं काय बोलले म्हणाल, तर गवताबद्दल बोलले. यंदा गवत कमी आहे म्हणाले. तेवढ्यासाठी इतकी वर्षं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी मुखवट्यानं हात जोडून सांगायचं असतं, मला जपा, तेल लावा, वाळवीपासून वाचवा. मला तुमची दया नको. मला कापलेल्या पट्ट्यासह पलंगाशेजारच्या खुर्चीवर टाकलं होतं आणि मी बरा होतो. फक्त एवढं करा, ज्याचं नाव जिभेवर आहे त्याचं नाव तो समोर असताना घ्या, म्हणजे तुमच्या तोंडावर येऊन बसायची वेळ माझ्यासारख्यावर येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाद्रीबाबा उपासाची राख घेऊन आजाऱ्याकडे आले. कपाळाला लावायला वाकले आणि त्यांचा हात थांबला. "गालाला काय लागलंय? पुसून घ्या आधी."

"पुसायचं नाही," ओत्तावियो म्हणाला. "तुमचं वर लावा."